बहिष्कृत पार्नेल

बहिष्कार हा शब्द महाराष्ट्राला लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीने शिकविला असे म्हणणे बरोबर होणार नाही. जातीबाहेर काढणे, वाळीत टाकणे, ग्रामण्य उभे करणे हे प्रकार आपल्या समाजाच्या अंगवळणी शतकानुशतके पडलेले होते. नवे होते ते एवढेच की, या सामाजिक शिक्षेचे राजकीय शस्त्र झाले. त्या शस्त्राची घडण आयर्लंडात झाली. १९ सप्टेंबर १८८० रोजी क्लेअर परगण्यातील एन्निस या गावी कुळांची मोठी सभा भरली होती. खंड थकल्यामुळे एखाद्या कुळाला जमीनदाराने बेदखल केले आणि ती जमीन दुसऱ्या कोणी लालसेने घेतली, तर त्या माणसाचे काय करावे, असा प्रश्न वक्त्याने श्रोत्यांना केला. त्याला गोळी घाला, असे ओरडून काहींनी उत्तर दिले. वक्त्याचा आवाज चढला नाही. त्याहून अधिक दयेचा मार्ग आहे, असे सांगून त्याने तो समजावून दिला. त्या माणसाशी रस्त्यात बोलू नये, दुकानात त्याला माल देऊ नये, बाजारात आणि प्रार्थनामंदिरातही त्याच्याजवळ उभे राहू नये. पूर्वी महारोग्याला जसे दूर ठेवीत तसे त्याला एकटे पाडावे.

हा वक्ता म्हणजे चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल. त्या दिवशी तो चौतीस वर्षांचा होता. थोड्याच दिवसांत मेयो परगण्यातील लॉर्ड अर्नच्या जमिनीचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्यावर या उपायाचा प्रयोग झाला. त्याची पिके कापण्यासाठी उत्तरेकडून मजूर आणावे लागले आणि त्या मजुरांच्या रक्षणासाठी फौज उभी करावी लागली. त्या कारभाऱ्याचे आडनाव इंग्रजी भाषेत क्रियापद होऊन बसले. पुढे दहा वर्षांनी आयर्लंडने हाच उपाय पार्नेलवर केला. त्या दहा वर्षांची हकिगत सामान्यतः एका मोठ्या माणसाला परस्त्रीच्या मोहाने कसे बुडविले, अशा बोधकथेच्या स्वरूपात सांगितली जाते. ती तशी नाही असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पार्नेल आयरिश शेतकऱ्यांचा पुढारी होईल, असे त्याच्या पूर्वायुष्यात काहीच नव्हते. विक्लो परगण्यातील अ‍ॅव्हनडेल या वाड्यात २७ जून १८४६ रोजी तो जन्मला. घराणे जमीनदारांचे, प्रॉटेस्टंट आणि मुळात इंग्लंडातून आलेले. आयर्लंडचे स्वतःचे पार्लमेंट मोडून तो देश ब्रिटनला जोडण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्याचा पणजोबा सर जॉन पार्नेल तेथे अर्थमंत्री होता. विरोध केल्याबद्दल त्याला पद गमवावे लागले. आई अमेरिकन, तिचा बाप इंग्रजी आरमाराशी लढून नाव मिळविलेला कमोडोर. एवढे दोन धागे सोडले, तर बाकी सारे बालपण आणि तारुण्य कोणाही सुखवस्तू जमीनदारपुत्राचे. केंब्रिजमध्ये तो शिकावयास गेला. परंतु रस्त्यावरील मारामारीच्या एका प्रकरणात १८६९ साली त्याला काही काळापुरते काढून टाकण्यात आले आणि तो परत गेलाच नाही. क्रिकेट, घोडे आणि अ‍ॅव्हनडेलच्या डोंगरांत खनिजे शोधणे हे त्याचे छंद. वाचन बेताचे, वक्तृत्व त्याहून बेताचे. आलेली पत्रे महिनोन् महिने न फोडता पडून राहात. अंधश्रद्धा मात्र भरपूर. तेराच्या आकड्याची त्याला धास्ती होती, ऑक्टोबर महिना अशुभ वाटे आणि हिरवा रंग तर समोर नको असे. ज्या देशाचा रंगच हिरवा त्याच्या अनभिषिक्त राजाची ही गोष्ट आहे!

१८७५ साली मीथ मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत तो निवडून आला. त्या वेळी आयरिश पक्षाचा नेता होता आयझॅक बट. विद्वान, सभ्य, अर्ज-विनंत्यांवर विश्वास असलेला. आपल्याकडील नेमस्त नेत्यांशी त्याची तुलना सहज करता येईल. बेलफास्टचा डुकराच्या मांसाचा व्यापारी जोसेफ बिगर याने कॉमन्स सभेचे कामकाज लांबलचक भाषणांनी रोखून धरण्याची युक्ती काढली होती. पार्नेलने तिला शिस्त आणि धोरण दिले. रात्री उलटून जात; अध्यक्ष, मंत्री, लेखनिक पेंगत आणि हे पाचसात सभासद नियमांना धरून बोलतच राहात. १८७९ च्या ऑक्टोबरात मायकेल डेव्हिटच्या पुढाकाराने जमीन संघाची स्थापना झाली. डेव्हिट हा बेदखल कुळाचा मुलगा, गिरणीत एक हात गमावलेला, राजद्रोहासाठी तुरुंग भोगलेला. त्याने अध्यक्षपदी बसविले ते जमीनदार पार्नेलला. पुढल्या वर्षी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहापुढे भाषण करण्याचा मान मिळवून आणि लक्षावधी आयरिश स्थलांतरितांचा पैसा व पाठिंबा घेऊन तो परतला. मे १८८० मध्ये तो पार्लमेंटातील पक्षाचा अध्यक्ष झाला. ऑक्टोबर १८८१ मध्ये ग्लॅडस्टनच्या सरकारने त्याला डब्लिनच्या किल्मेनहॅम तुरुंगात टाकले आणि मे १८८२ मध्ये त्याच्याशीच समझोता करून सोडले.

पुढच्या तीन वर्षांत त्याने जे घडविले, त्याला ब्रिटिश पार्लमेंटच्या इतिहासात तोड नव्हती. निवडणुकीला उभा राहणारा त्याचा प्रत्येक उमेदवार लेखी प्रतिज्ञा करी की, मी पक्षाबरोबर बसेन, पक्षाबरोबर मत देईन आणि बहुसंख्येने ठरल्यास जागेचा राजीनामा देईन. १८८५ च्या निवडणुकीत उदारमतवाद्यांना ३३५ जागा मिळाल्या, हुजूर पक्षाला २४९ आणि पार्नेलला ८६. बेरीज-वजाबाकी कोणीही करावी. ज्या बाजूला ही ८६ माणसे उठून जातील तिकडे सत्ता जाणार होती. ग्लॅडस्टनने आयर्लंडला होमरूल देण्याची तयारी दर्शविली ती या गणितानंतर. ग्लॅडस्टनची नैतिक कळकळ खोटी होती असे नव्हे. पण अशा कळकळीला गणिताचा आधार लाभला, की ती कृतीत उतरते.

आता एल्थमकडे वळले पाहिजे. लंडनच्या आग्नेयेस असलेल्या या उपनगरात कॅथरिन ओशे राहात असे. ती पार्नेलच्याच वयाची, मोठ्या इंग्रज घराण्यातील. तिचा काका इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर होऊन गेला होता आणि भाऊ पुढे फील्ड मार्शल झाला. नवरा कॅप्टन विल्यम ओशे क्लेअरचा पार्लमेंट सभासद. तो लंडनमध्ये वेगळा राही, रविवारी मुलांना भेटावयास येई. कॅथरिन एल्थमला होती ती आपल्या वृद्ध व अतिश्रीमंत मावशीच्या सोबतीसाठी. घरखर्च मावशीच्या पैशावर चाले आणि तिच्या मागे मोठा वारसा मिळण्याची सर्वांना आशा होती. या घरातील अनेक गूढ गोष्टींचा उलगडा या एका वाक्यात होतो.

पार्नेल आणि कॅथरिन यांची भेट १८८० च्या उन्हाळ्यात झाली. वर्षभरात दोघेही परत न फिरण्याच्या ठिकाणी पोहोचले होते. जुलै १८८१ मध्ये ओशेला पार्नेलचे सामान आपल्या घरात सापडले आणि त्याने त्याला द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. द्वंद्व झाले नाही. नातलगांनी मध्ये पडून शब्दांची मलमपट्टी केली. यापुढचा भाग मात्र नीट पाहिला पाहिजे. ज्या माणसाने जुलैमध्ये आव्हान दिले, तोच पुढील एप्रिलमध्ये किल्मेनहॅमच्या तुरुंगात पार्नेल आणि ग्लॅडस्टन यांचा मध्यस्थ म्हणून ये-जा करीत होता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत कॅथरिनला एक मुलगी झाली होती. ती पार्नेलची होती. भाच्याच्या अंत्यविधीसाठी पॅरिसला जाण्यास तुरुंगातून काही दिवसांची मोकळीक मिळाली, तेव्हा वाटेत त्याने तिला पाहिले. त्याच महिन्यात ती वारली. मागाहून आणखी दोन मुली झाल्या. कायद्याच्या दृष्टीने त्या ओशेच्या.

हे गुपित होते काय? ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळात त्याची वाच्यता १८८२ पासून होती. पुढे कॅथरिन स्वतःच पार्नेलचे निरोप ग्लॅडस्टनला पोहोचवू लागली. तिला पार्नेलच्या मनातले इतके अचूक कसे कळते, हे त्या चाणाक्ष वृद्धाला विचारावेसे वाटले नाही, एवढेच. आयरिश पक्षाच्या पुढाऱ्यांना ते ठाऊक होते. १८८६ च्या मे महिन्यात एल्थमजवळ पार्नेलच्या गाडीची एका भाजीवाल्याच्या गाडीशी टक्कर झाली, तेव्हा लंडनच्या एका सायंदैनिकाने उपनगरातील त्याच्या विसाव्याचा सूचक उल्लेख छापूनही टाकला. सारांश, ज्यांनी पुढे धक्का बसल्याचे दाखविले त्यांतील बहुतेकांना धक्का बसण्याचे कारण नव्हते.

पण पार्नेलचा खरा अपराध एल्थममध्ये घडला नाही. तो गॉलवेत घडला, आणि त्याबद्दल त्याला कोणीच जाब विचारला नाही. १८८५ च्या निवडणुकीत टी. पी. ओकॉनर हा गॉलवे आणि लिव्हरपूल या दोन ठिकाणांहून निवडून आला आणि त्याने गॉलवे सोडले. त्याच निवडणुकीत ओशे लिव्हरपूलच्या दुसऱ्या एका मतदारसंघात, पार्नेलने त्याच्यासाठी जातीने खपूनही, ५५ मतांनी पडला होता. त्याला जागा हवी होती. फेब्रुवारी १८८६ मध्ये पार्नेलने गॉलवेची उमेदवारी त्याला देऊन टाकली. हा मनुष्य पक्षाची प्रतिज्ञा घेण्यास तयार नव्हता. ज्या प्रतिज्ञेवर पक्षाचा डोलारा उभा होता, जी मोडल्याबद्दल एखाद्या गरीब शाळामास्तराला किंवा दुकानदाराला सभासदत्व सोडावे लागले असते, तीच नेत्याने एका माणसासाठी बाजूला ठेवली. बिगर आणि टिम हीली हे दोघे तडक गॉलवेला गेले आणि त्यांनी स्थानिक उमेदवाराची बाजू उचलली. हीली हा एके काळी पार्नेलचा चिटणीस, जिभेने धारदार. बिगर तर बोलण्यात काहीच राखून ठेवीत नसे. ही उमेदवारी कशाची किंमत आहे, हे त्याला उघड सांगावयाचे होते. पार्नेल गाडीने येऊन दाखल झाला. स्टेशनवर जमाव चिडलेला होता. होमरूलचे विधेयक येऊ घातले आहे, आज मला हरविलेत तर इंग्लंडात आयर्लंडच्या नेत्याची पत राहणार नाही, या आशयाचे त्याने सांगितले आणि जमाव नमला. हीली नमला. एकटा बिगर नमला नाही. ओशे निवडून आला.

येथे थांबून विचार केला पाहिजे. विवाहित स्त्रीवर प्रेम करणे हा नीतीचा प्रश्न आहे आणि त्याचा निवाडा करण्यास ज्याला अधिकार वाटत असेल त्याने तो करावा. परंतु आपले खासगी देणे सार्वजनिक नाण्यात फेडणे हा राजकारणाचा प्रश्न आहे. गॉलवेची जागा पार्नेलच्या मालकीची नव्हती. ती गॉलवेच्या मतदारांची होती, आणि होमरूल हा शब्द उच्चारून त्याने ती त्यांच्याकडून काढून घेतली. देशाचे सर्वांत पवित्र कार्य त्या दिवशी त्याने एका नवऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी वापरले. त्यातही विपरीत असे की, तोंड बंद झाले नाहीच. जूनमध्ये होमरूल विधेयकावर मतदान झाले, तेव्हा ओशेने विधेयकाला मत दिले नाही; तो निघून गेला आणि त्याने जागाही सोडली. ग्लॅडस्टनच्या पक्षातील ९३ सभासद उलटले आणि विधेयक तीस मतांनी पडले. ओशेच्या एका मताने काही फरक पडला नसता हे खरे. पण ज्याच्यासाठी प्रतिज्ञा मोडली तो पहिल्याच कसोटीला हजर नव्हता, हे पक्षातील प्रत्येकाने पाहिले. हीली ते विसरला नाही.

यानंतरची तीन वर्षे पार्नेलच्या उत्कर्षाची आहेत, हे चमत्कारिकच म्हणावे लागेल. १८८७ साली लंडन टाइम्सने एक पत्र त्याच्या सहीच्या छायाचित्रासह छापले. मे १८८२ मध्ये डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश व बर्क या दोघा अधिकाऱ्यांचे खून झाले होते. त्यांतील बर्कच्या खुनाला पार्नेलची मूक संमती होती, असे त्या पत्रावरून दिसत होते. चौकशीसाठी तीन न्यायाधीशांचे मंडळ नेमावे लागले. फेब्रुवारी १८८९ मध्ये सर चार्ल्स रसेलने साक्षीदार रिचर्ड पिगॉट याला काही शब्द कागदावर लिहावयास सांगितले. त्यांत हेझिटन्सी हा शब्द होता. पिगॉटने त्याचे स्पेलिंग चुकविले आणि बनावट पत्रात तीच चूक होती. तो पळाला आणि माद्रिदमध्ये त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. पार्नेल कॉमन्स सभेत आला, तेव्हा ग्लॅडस्टनसह सारा विरोधी पक्ष त्याच्या स्वागतार्थ उभा राहिला. तो मात्र शांतपणे जाऊन आपल्या जागी बसला. डिसेंबरात ग्लॅडस्टनने त्याला आपल्या हॉवर्डन येथील घरी पाहुणा म्हणून बोलावले आणि पुढील होमरूल विधेयकाची चर्चा केली. नाताळला थोडेच दिवस उरले होते.

२४ डिसेंबर १८८९ रोजी कॅप्टन ओशेने घटस्फोटाचा दावा दाखल केला. प्रतिवादी म्हणून पार्नेलचे नाव होते.

नऊ वर्षे स्वस्थ राहिलेल्या या नवऱ्याला आताच संताप का आला? मे महिन्यात मावशी वारली होती. मृत्युपत्राने तिने आपली संपत्ती कॅथरिनला अशा रीतीने दिली होती की, नवऱ्याचा तिला हात लागू नये. कॅथरिनच्या भावंडांनी मृत्युपत्राला आव्हान दिले आणि पैसा कोर्टात अडकला. तो वेळेवर हाती आला असता, तर ओशेशी तडजोड करता आली असती, असे ती व पार्नेल समजून होते. राजकीय शत्रूंनी ओशेला कितपत चिथावले, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पैशाबद्दल फारसे नाहीत.

पार्नेलपुढे पेच असा होता. त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे नवऱ्याची संमती किंवा कानाडोळा सिद्ध झाला असता, तर घटस्फोट मिळाला नसता. म्हणजे ओशेला सारे ठाऊक होते, हे पार्नेलने कोर्टात सिद्ध केले असते, तर राजकीयदृष्ट्या तो बराचसा वाचला असता. पण कॅथरिन आयुष्यभर ओशेची पत्नी राहिली असती. गप्प बसला तर कॅथरिन मोकळी होणार होती, आणि मित्राच्या घरात शिरून त्याला फसविणारा हलकट अशी त्याची नोंद होणार होती. चार वर्षांपूर्वीच सर चार्ल्स डिल्क या भावी पंतप्रधान समजल्या जाणाऱ्या पुढाऱ्याची कारकीर्द अशाच खटल्याने संपलेली त्याने पाहिली होती. तरीही तो गप्प बसला. सहकाऱ्यांना त्याने सांगितले ते एवढेच की, आपण यातून निष्कलंक बाहेर पडू. त्यांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला.

नोव्हेंबर १८९० मध्ये खटला दोन दिवसांत उरकला. पार्नेलच्या वतीने कोणीही उभे राहिले नाही. खोटी नावे घेऊन भाड्याने घेतलेली घरे, वेषांतर, आणि नवरा दारात आला असता आगीच्या वेळी उतरण्याच्या शिडीवरून पाहुणा कसा पसार झाला आणि काही मिनिटांनी पुढल्या दाराने सभ्य गृहस्थासारखा कसा हजर झाला, याची एका नोकराणीने दिलेली साक्ष, हे सारे उलटतपासणीवाचून कागदावर आले. शिडीची गोष्ट बहुधा खरी नव्हती. पण बिनविरोध साक्ष ही खरीच ठरते. इंग्लंडच्या रंगभूमीवर आणि बाजारात शिडीचे विनोद सुरू झाले. ज्या माणसाचे सामर्थ्य त्याच्या थंड प्रतिष्ठेत होते, त्याला व्यभिचाराच्या आरोपापेक्षा हा हशा अधिक घातक होता. १७ नोव्हेंबरला घटस्फोटाचा हुकूम झाला. पार्नेलच्या स्वतःच्या दोन मुलींचा ताबा ओशेकडे गेला.

पुढचे तीन आठवडे एखाद्या शोकांतिकेच्या शेवटच्या अंकासारखे आहेत. पात्रांना आपण काय करतो आहोत हे कळत नाही एवढाच फरक. २० नोव्हेंबरला डब्लिनच्या सभेत पक्षाने त्याला पाठिंबा दिला आणि ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांत हीली होता. कॅथलिक बिशप गप्प होते. त्याच सुमारास शेफील्ड येथे उदारमतवादी पक्षाची परिषद भरली होती. तेथे जमलेल्या नॉनकन्फॉर्मिस्ट पंथांच्या मंडळींनी असा मनुष्य मित्रपक्षाचा नेता राहिला तर आमची मते मिळणार नाहीत, असे बजावले. ही मते म्हणजे ग्लॅडस्टनच्या पक्षाचा कणा. त्याने मॉर्लेला एक पत्र लिहिले. पार्नेल नेता राहिला, तर होमरूलसाठी आपले नेतृत्व निरर्थक होईल, असा त्याचा भावार्थ होता. २५ तारखेला आयरिश पक्षाची बैठक होती, तीपूर्वी हे पत्र पार्नेलला दाखवावयाचे होते. मॉर्लेला पार्नेल सापडला नाही. जस्टिन मॅकार्थीकरवी त्याला ग्लॅडस्टनचे मत तोंडी कळले होते. त्याने ते सभासदांना सांगितले नाही. पक्षाने त्याला एकमताने पुन्हा अध्यक्ष निवडले. त्यानंतर ते पत्र वृत्तपत्रांकडे गेले. ज्या आयरिश सभासदांनी आदल्या दिवशी टाळ्या वाजविल्या, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी आपण कशावर शिक्का मारला हे वर्तमानपत्रात वाचावयास मिळाले.

या घटकेला पार्नेलने चार-सहा महिने बाजूला होणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. मॅकार्थीला खुर्चीवर बसवून, कॅथरिनशी लग्न करून तो परत आला असता, तर लोकांनी त्याला स्वीकारले असते, असे त्याच्या विरोधकांनाही वाटत होते. त्याने नेमके उलट केले. आयर्लंडच्या जनतेला उद्देशून जाहीरनामा काढून त्याने ग्लॅडस्टनशी हॉवर्डनला झालेले खासगी बोलणे, आणि तेही आपल्या रंगात, चव्हाट्यावर मांडले. ग्लॅडस्टनने ते नाकारले. लढाई आता कॅथरिनविषयी नव्हती. आयरिश पक्षाचा नेता इंग्रज पुढाऱ्याच्या सांगण्यावरून बदलावयाचा काय, असे स्वरूप पार्नेलने तिला दिले. हा मुद्दा अगदी पोकळ नव्हता. स्वतंत्र पक्ष म्हणून ज्याचा दहा वर्षे दरारा होता, त्याने परक्या पुढाऱ्याचे पत्र येताच आपला निर्णय फिरविला, हे खरेच आहे. ज्यांना ही गोष्ट बोचली, ते अखेरपर्यंत पार्नेलबरोबर राहिले. पण मुद्दा मांडणाऱ्याने तो गॉलवेपूर्वी मांडला असता, तर त्याला अधिक वजन आले असते.

वेस्टमिन्स्टरच्या १५ क्रमांकाच्या समितीकक्षात १ डिसेंबरपासून सहा दिवस वाद चालला. आरोपी स्वतःच अध्यक्षस्थानी होता. कोणता ठराव नियमात बसतो, कोण कधी बोलेल, हे तोच ठरवी. ज्या नियमांच्या जाळ्यात त्याने कॉमन्स सभेला पकडले, त्याच जाळ्यात त्याने आपल्या सहकाऱ्यांना धरले. ३ तारखेला बिशपांनी त्याच्या विरुद्ध निर्णय जाहीर केला. म्हणजे धर्मगुरूंचा नैतिक कोप उदारमतवादी पक्षाच्या निवडणूक-चिंतेनंतर प्रकट झाला. अखेरच्या दिवशी हीलीने कॅथरिनचा उल्लेख करून असा एक बोचरा प्रश्न टाकला की, सभेत हातघाईची वेळ आली. मॅकार्थी उठला आणि त्याच्यासह ४५ सभासद निघून गेले. पार्नेल आपल्या २७ अनुयायांसह रिकाम्या खुर्च्यांपुढे बसून राहिला.

याच महिन्यांत पुण्यात पंचहौद मिशनमधील चहापानावरून न्यायमूर्ती रानडे, टिळक आदी मंडळींवर ग्रामण्य उठले होते. दोन्ही प्रकरणांत साम्य शोधण्याचे कारण नाही. मात्र चारचौघांत दोष आला म्हणजे माहीत असूनही आजवर गप्प बसलेली माणसे एकाएकी शुचिर्भूत होतात, हे पाहण्यासाठी मराठी वाचकाला आयर्लंडपर्यंत जावे लागत नाही.

उरलेल्या दहा महिन्यांत पार्नेलने दर आठवड्याला समुद्र ओलांडला. उत्तर किल्केनी, उत्तर स्लायगो, कार्लो या तीन पोटनिवडणुका त्याने लढविल्या आणि तिन्ही हरल्या. गावोगावचे धर्मगुरू मतदारांना घेऊन मतदानाला जात. कॅसलकोमर येथे त्याच्या डोळ्यांत चुना फेकला गेला. ज्या झोपड्यांतून त्याच्या तसबिरी होत्या तेथून त्या उतरल्या. त्याला पाहून लोक पाठ फिरवू लागले. एन्निसच्या सभेत त्याने शिकविलेला धडा त्यांनी पाठ केला होता. २५ जून १८९१ रोजी ससेक्समधील स्टेनिंगच्या नोंदणी कचेरीत त्याने कॅथरिनशी विवाह केला. त्याने विरोध निवळेल, असे काहींना वाटले होते; पण कॅथलिक धर्माला घटस्फोटितेचा पुनर्विवाह मान्य नसल्यामुळे उरलेसुरले लोकही दुरावले. २७ सप्टेंबरला क्रेग्स या खेडेगावी भर पावसात, प्रकृती ढासळली असताना, तो उघड्या डोक्याने बोलला. ब्रायटनजवळच्या घरी परतल्यावर ६ ऑक्टोबर १८९१ रोजी तो वारला. वय पंचेचाळीस. महिना त्याला नकोसा असलेलाच होता.

डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीकडे त्याची प्रेतयात्रा निघाली, तेव्हा शहर रस्त्यावर लोटले. जिवंतपणी ज्याला मत दिले नाही त्याच्यासाठी रडावयास लोक आले होते. कॅथरिन त्यांत नव्हती. पक्ष आणखी नऊ वर्षे दुभंगलेला राहिला. १८९३ मध्ये ग्लॅडस्टनचे दुसरे होमरूल विधेयक कॉमन्स सभेत संमत झाले, पण लॉर्डस सभेने ते ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले. पार्नेलला सोडून गेलेल्या गटातील एक सभासद आल्फ्रेड वेब १८९४ साली मद्रासच्या काँग्रेसचा अध्यक्ष झाला. १९१६ साली टिळकांनी आणि बेझंटबाईंनी आपापल्या संघांसाठी होमरूल हेच नाव घेतले, तेव्हा आयर्लंडात ते नाव जवळजवळ जुने झाले होते; त्याच वर्षीच्या ईस्टरमध्ये डब्लिनच्या तरुणांनी बंदुका उचलल्या. १९२२ मध्ये आयरिश फ्री स्टेट स्थापन झाले आणि त्याचा पहिला गव्हर्नर जनरल म्हणून फिनिक्स पार्कमधील व्हाइसरॉयच्या वाड्यात राहावयास गेला तो टिम हीली.

कॅथरिन पार्नेलच्या मागे जवळजवळ तीस वर्षे जगली. मावशीच्या संपत्तीचा खटला तडजोडीने मिटला, पण हाती आलेले फार काळ टिकले नाही. समुद्रकाठच्या एका गावातून दुसऱ्या गावी घरे बदलीत, दीर्घ आजारपणे काढीत ती राहिली. १९१४ साली तिने पार्नेलची पत्रे घालून दोन खंडांचे चरित्र प्रसिद्ध केले. ओशेपासून झालेल्या मुलाचा त्यात हात होता, असे अभ्यासक मानतात. आणि त्या पुस्तकात कॅप्टन ओशे हा काही ठाऊक नसलेला, फसविला गेलेला नवरा म्हणूनच दिसतो. पार्नेलने कोर्टात जे सांगावयाचे टाळले, ते तिनेही सांगितले नाही. फेब्रुवारी १९२१ मध्ये ती वारली. त्या वेळी आयर्लंडात इंग्रज फौजेशी उघड लढाई चालू होती.